प्रकल्प व्यवस्थापन योजना

संस्थेने हाती घेतलेल्या प्रकल्पात कोणते काम होणार, कोणते होणार नाही, ते कोण करणार, केव्हा आणि किती खर्चात करणार, आणि यातले काही बिनसले तर निर्णय कोण घेणार, हे ज्यात लिहून मंजूर केलेले असते तो दस्तऐवज म्हणजे प्रकल्प व्यवस्थापन योजना. बोलताना तिला नुसते ‘प्लॅन’ म्हणतात. प्लॅन दाखवा म्हटले की बहुतेक वेळा समोर येतो तो रंगीत पट्ट्यांचा तक्ता. तो तक्ता म्हणजे वेळापत्रक, योजनेचा एक भाग. वेळापत्रक पहिल्यांदा चुकते त्या दिवशी पुढे काय करायचे हे ज्या पानांवर लिहिलेले असते, ती पाने तक्त्यात नसतात. आणि बहुतेक संस्थांत ती कोणी लिहिलेलीही नसतात.

सनद आणि योजना

रोजच्या कामाला शेवट नसतो. प्रकल्पाला आरंभ असतो आणि शेवटही. पगार दर महिन्याला काढणे हे रोजचे काम, पगाराची जुनी प्रणाली बदलून नवी बसवणे हा प्रकल्प. असा प्रकल्प सुरू करण्याचा अधिकार सनदेतून मिळतो. सनद म्हणजे प्रोजेक्ट चार्टर. ती प्रायोजकाच्या, म्हणजे पैसा आणि माणसे मोकळी करून देणाऱ्या वरिष्ठाच्या, सहीने निघते आणि सहसा एकदोन पानांची असते. हे काम का करायचे, एवढेच ती सांगते. कसे करायचे ते योजनेत येते, आणि योजना व्यवस्थापकाने प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना सोबत बसवून करायची असते. एकट्याने खोलीत बसून केलेली योजना दिसायला सुबक असते, पण तिच्यातल्या तारखा दुसऱ्या कोणालाच आपल्या वाटत नाहीत.

व्याप्ती

योजनेची सुरुवात तारखांपासून करणे म्हणजे आधी कळस मग पाया. आधी व्याप्ती ठरते. उदाहरणादाखल एक साधा प्रकल्प घेऊ : एका संस्थेच्या जुन्या कागदी फायली स्कॅन करून संगणकावर आणायच्या आहेत. ‘सर्व फायली डिजिटल करणे’ ही व्याप्ती नाही, ही इच्छा झाली. कोणत्या विभागाच्या, कोणत्या वर्षांपासूनच्या, पानांची नुसती चित्रे हवीत की मजकूर शोधता आला पाहिजे, स्कॅन झाल्यावर मूळ कागदाचे काय करायचे, या प्रश्नांची उत्तरे लिहिली की व्याप्ती तयार होते. तिच्यात ‘काय नाही’ हा परिच्छेद असावाच लागतो. निकाली प्रकरणांच्या फायली वगळल्या असतील तर तसे स्पष्ट लिहायचे. पुढचे निम्मे वाद या एका परिच्छेदाने मिटतात.

मग काम फोडायचे. काम असे फोडून केलेल्या मांडणीला कार्यविभाजन रचना किंवा डब्ल्यूबीएस (वर्क ब्रेकडाउन स्ट्रक्चर) म्हणतात. अमेरिकेच्या संरक्षण खात्यात आणि नासात ती १९६०च्या दशकात रूढ झाली. तिचा मुख्य नियम शंभर टक्क्यांचा : वरच्या पातळीवरचे काम खालच्या तुकड्यांत पूर्ण आले पाहिजे, कमी नाही आणि जास्तही नाही. आपल्या उदाहरणात छाननी, स्कॅनर खरेदी, स्कॅनिंग, तपासणी, प्रशिक्षण हे तुकडे सहज सुचतात. सुटतात ते लहान : सुटलेले बंध पुन्हा बांधणे, फाटलेली पाने चिकटवणे, नसलेल्या फायलींची यादी करणे. तुकडा इतका लहान हवा की त्याची जबाबदारी एका माणसावर टाकता यावी आणि तो ‘झाला’ की ‘नाही झाला’ हे विचारता यावे. ‘नव्वद टक्के झाले’ हे उत्तर ज्या कामाला देता येते ते अजून फोडायचे राहिले आहे असे समजावे.

अंदाज आणि वेळापत्रक

कामांचा काळाशी मेळ घालणारी चित्रे जुनी आहेत. पोलंडचे अभियंते कारोल आदामिएत्स्की यांनी १८९६ च्या सुमारास ‘हार्मोनोग्राम’ नावाचा तक्ता तयार केला. पण त्यांचे लेखन पोलिश आणि रशियन भाषांत राहिल्याने नाव झाले ते अमेरिकेच्या हेन्री गँट यांचे. गँट तक्ता १९१० च्या दशकात पुढे आला आणि आजही तोच चालतो. कोणते काम कोणावर अवलंबून आहे हे मात्र मूळच्या गँट तक्त्यात नीट दिसत नसे. ती उणीव दोन पद्धतींनी भरून काढली. १९५७ मध्ये ड्यूपाँट कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी क्रिटिकल पाथ मेथड मांडली, आणि १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र कार्यक्रमासाठी पर्ट ही पद्धत निघाली.

फायलींच्या प्रकल्पात छाननीला १० दिवस, स्कॅनर खरेदीला २५, स्कॅनिंगला ३० आणि तपासणीला १२ दिवस लागणार आहेत असे धरू. छाननी आणि खरेदी एकाच वेळी चालू शकतात. दोन्ही झाल्याशिवाय स्कॅनिंग सुरू होत नाही, आणि तपासणी त्यानंतर. सर्वांत लांब साखळी खरेदी, स्कॅनिंग, तपासणी ही : २५, ३० आणि १२ मिळून ६७ दिवस. हाच क्रिटिकल पाथ. छाननीकडे १५ दिवसांची सवड आहे. ती पाच दिवस रेंगाळली तरी शेवटची तारीख हलत नाही. खरेदीची फाइल मात्र एखाद्या टेबलावर दोन दिवस पडून राहिली तर प्रकल्प दोन दिवस पुढे गेला. प्रत्यक्षात लक्ष नेमके उलट जाते. छाननीच्या खोलीत धूळ, गठ्ठे आणि धावपळ दिसते म्हणून वरिष्ठ तिथे चक्कर मारतात. खरेदीची फाइल शांतपणे पडून असते.

२५ हा आकडा आला कुठून, हेही योजनेत लिहायला हवे. पर्टमध्ये तीन अंदाज घेतात : सगळे सुरळीत झाले तर, नेहमीसारखे झाले तर आणि सगळे बिघडले तर. नेहमीच्या अंदाजाला चौपट वजन देऊन बेरजेला सहाने भागतात. खरेदीला अनुक्रमे १५, २२ आणि ४७ दिवस धरले तर १५ अधिक ८८ अधिक ४७, म्हणजे १५०, आणि भागाकार २५. आकड्यापेक्षा ४७ चे कारण विचारल्यावर जे बाहेर येते ते अधिक मोलाचे असते : निविदा पुन्हा काढावी लागेल, पुरवठादार माघार घेईल, मंजुरी देणारा रजेवर असेल. जोखमीची यादी इथूनच सुरू होते.

माणूस स्वतःच्या कामाचा अंदाज कमीच धरतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि अमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये या प्रवृत्तीला ‘प्लॅनिंग फॅलसी’ म्हणजे नियोजनाचा भ्रम असे नाव दिले. तिच्यावरचा उतारा म्हणजे आपल्याच जातीच्या जुन्या प्रकल्पांना प्रत्यक्षात किती वेळ लागला ते आधी पाहणे, आणि आपला प्रकल्प कसा वेगळा आहे हे त्यानंतर सांगणे. क्रम उलटला की उतारा लागू पडत नाही.

उशीर झाल्यावर माणसे वाढवण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. शाळेतल्या काळ-काम-वेगाच्या गणितात दहा माणसांचे वीस दिवसांचे काम वीस माणसे दहा दिवसांत उरकतात. खड्डा खणायचा असेल तर हे थोडेफार खरे. सॉफ्टवेअरसारख्या कामात नाही. अमेरिकी संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये सांगितले की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात नवी माणसे घातली तर उशीर वाढतो. नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो, आणि बोलण्याचे धागे वाढतात : पाच जणांत जोड्या १०, दहा जणांत ४५.

जोखीम आणि माणसे

जोखीम नोंदवहीत प्रत्येक जोखमीपुढे शक्यता, परिणाम, उपाय आणि एक नाव असते. नाव नसलेली जोखीम कोणाचीच नसते. यादी भरताना बैठकीत सगळे गप्प बसतात हा नेहमीचा अनुभव. वरिष्ठांसमोर अपशकुन कोण करणार? मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी त्यावर ‘प्री-मॉर्टेम’ ही युक्ती सुचवली. प्रकल्प सपशेल फसला आहे असे आधीच गृहीत धरायचे आणि प्रत्येकाने फसण्याची कारणे लिहून द्यायची. फसण्याचा निकाल आधीच लागलेला असल्यामुळे कारण सांगणारा खोडसाळ ठरत नाही.

जबाबदाऱ्यांसाठी ‘रॅसी’ तक्ता वापरतात : काम करणारा, कामाला उत्तरदायी असणारा, ज्याचा सल्ला घ्यायचा तो आणि ज्याला कळवायचे तो. एका कामाला उत्तरदायी एकच. या रकान्यात दोन नावे आली की मंजुरी दोघांच्या मध्ये अडकते. संपर्काची योजना हा अनेक दस्तऐवजांतला सर्वांत पातळ भाग : ‘साप्ताहिक अहवाल पाठवला जाईल’ असे एक वाक्य आणि पुढे काही नाही. कोणाला, कोणी, कोणत्या निर्णयासाठी, हे नसेल तर तो अहवाल तिसऱ्या आठवड्यापासून कोणी उघडत नाही.

बेसलाइन आणि बदल

मंजूर झालेली व्याप्ती, वेळापत्रक आणि खर्च गोठवून ठेवतात. त्या गोठवलेल्या आवृत्तीला बेसलाइन म्हणतात. बेसलाइन असली की आपण किती भरकटलो ते मोजता येते. ती गुपचूप बदलली की प्रकल्प कागदावर कायम वेळेत असतो.

सिडनी ऑपेरा हाउसचे बांधकाम १९५९ मध्ये सुरू झाले तेव्हा छताच्या कमानी कशा उभारायच्या हे ठरलेलेच नव्हते. इमारत १९६३ मध्ये ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांत व्हायची होती. ती १९७३ मध्ये खुली झाली आणि खर्च गेला १० कोटी २० लाखांवर. चौथऱ्यावर आधी उभारलेले खांब छताचे वजन पेलणार नाहीत म्हणून पुन्हा बांधावे लागले. वास्तुकार यॉर्न उट्झोन यांनी १९६६ मध्येच प्रकल्प सोडला होता. आज ती इमारत जागतिक वारसा यादीत आहे. योजना फसली तरी वास्तू फसतेच असे नाही, हेही नोंदवायला हवे.

संस्थांतले बदल इतके भव्य नसतात. स्कॅनिंग अर्धे झाल्यावर कोणीतरी म्हणते, ‘मजकूर शोधता आला तर बरे, एवढेच तर आहे.’ योजनेत बदल नियंत्रणाची पद्धत असेल तर व्यवस्थापक नाही म्हणत नाही आणि हो सुद्धा म्हणत नाही. तो एक पानी अर्ज पुढे करतो : आधी झालेली पाने पुन्हा करावी लागतील, तपासणी इतके दिवस वाढेल, खर्च इतका वाढेल, मंजूर? सही प्रायोजकाची. निम्म्या मागण्या हा अर्ज भरतानाच विरून जातात, आणि उरलेल्या खरोखर गरजेच्या असतात.

मोजमाप

‘खर्च किती झाला’ आणि ‘काम किती झाले’ हे दोन प्रश्न एकत्र विचारण्याच्या पद्धतीला अर्न्ड व्हॅल्यू म्हणतात. अमेरिकी संरक्षण खात्याने १९६७ मध्ये ३५ निकष लावून ती आपल्या कंत्राटदारांना बंधनकारक केली. समजा पूर्ण प्रकल्प ६०० मनुष्यदिवसांचा आहे. आजपर्यंत ३०० मनुष्यदिवसांचे काम व्हायला हवे होते. पूर्ण झालेल्या कामाचे मोल २४० मनुष्यदिवस भरते, आणि त्यासाठी प्रत्यक्ष खर्ची पडले ३२०. वेग २४० भागिले ३००, म्हणजे ०.८०, कार्यक्षमता २४० भागिले ३२०, म्हणजे ०.७५. याच चालीने गेले तर ६०० चे काम ८०० मनुष्यदिवसांत होईल. नुसता खर्च पाहणाऱ्याला ३०० ऐवजी ३२० दिसतात आणि फरक किरकोळ वाटतो.

मानके आणि पद्धती

प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट या अमेरिकेतल्या व्यावसायिक संस्थेची स्थापना १९६९ मध्ये झाली आणि तिच्या मार्गदर्शिकेची पहिली आवृत्ती १९९६ मध्ये आली. प्रिन्स-टू ही ब्रिटिश सरकारने काढलेली पद्धतही त्याच वर्षीची. आयएसओ २१५०० हे मानक पहिल्यांदा २०१२ मध्ये आले. मार्गदर्शिकेच्या सहाव्या आवृत्तीत ४९ प्रक्रिया होत्या. २०२१ च्या सातव्या आवृत्तीने प्रक्रियांऐवजी १२ तत्त्वांवर भर दिला. तोवर संस्थांत ४९ रकाने भरलेले पण कोणी न वाचलेले जाडजूड प्लॅन साठले होते, हे त्यामागचे एक कारण मानायला हरकत नाही.

फेब्रुवारी २००१ मध्ये १७ सॉफ्टवेअर तज्ज्ञांनी काढलेल्या अजाइल (छोट्या टप्प्यांत काम करत बदल सामावून घेण्याच्या पद्धतीच्या) जाहीरनाम्यात योजनेला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद देणे वरचे मानले. त्याचा अर्थ ‘प्लॅन नको’ असा लावणारे बरेच भेटतात. अजाइल गटही नियोजन करतात, आणि तेही दर एकदोन आठवड्यांनी. फक्त दूरचे काम ढोबळ आणि जवळचे बारकाईने आखतात. गरजा आधी स्पष्ट असतील तर सविस्तर योजना, त्या काम करता करता उलगडत असतील तर टप्प्याटप्प्याची. मोठ्या संस्थांत दोन्ही एकाच प्रकल्पात नांदतात.

समाप्ती

प्रकल्प संपला हे कोण आणि कशावरून ठरवणार, हे योजनेत सुरुवातीलाच लिहितात. फायलींच्या बाबतीत : अमुक इतकी पाने, दर शंभरांत इतक्याच चुका, आणि दप्तर विभागाच्या प्रमुखाची सही. त्यानंतर पासवर्ड, बिघाड आणि नव्या फायली कोणाकडे जाणार ते नाव. शेवटी अंदाजलेल्या आणि प्रत्यक्ष लागलेल्या दिवसांचे दोन रकाने शेजारी शेजारी भरून योजना दप्तरी लावतात. पुढच्या प्रकल्पात खरेदीला किती दिवस धरायचे असा प्रश्न आला की हेच पान काढायचे असते.