पॉलीप काढल्यावर परत दुर्बीण कधी? या वर्षांच्या हिशोबामागची पार्श्वभूमी

आपल्याकडे संडासातून रक्त गेलं की पहिले मूळव्याधच म्हणतात. मग झाडपाल्याचं औषध, मग तालुक्याचा डॉक्टर, आणि बरेच महिने गेल्यावर कोणीतरी सेवाग्रामले नाहीतर नागपूरले पाठवतं, तिथं मोठ्या आतड्यात दुर्बीण टाकतात आणि पॉलीप, म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावर वाढलेला कोंब, सापडतो. तो तिथल्या तिथं काढतात, तुकडा तपासायला पाठवतात. पुढं मात्र एकाला सांगतात तीन वर्षांनी या, दुसऱ्याला सात वर्षांनी, तिसऱ्याला सहाच महिन्यात, आणि मग पारावर चर्चा सुरू होते की डॉक्टर लोक मनाला येईल ते सांगतात. पण या आकड्यांमागं पन्नासेक वर्षांचं काम आहे आणि ते आपल्या लोकांना कोणी नीट सांगतच नाही, म्हणून हे लिहितो.

आधी तर पॉलीप असा काढताच येत नव्हता. जुनी दुर्बीण म्हणजे सरळ कडक नळी, गुदद्वारापासून 25 सेंटीमीटरपर्यंत जाणारी, त्याच्या वर काही असलं तर पोट उघडायचं. काचेच्या बारीक धाग्यांच्या जुडीतून चित्र नेता येतं हे 1954 मध्ये हॉपकिन्स आणि आपल्या पंजाबातले नरिंदरसिंग कपानी यांनी दाखवलं, त्यातूनच पुढं वाकणाऱ्या दुर्बिणी आल्या. 1969 मध्ये न्यूयॉर्कला शिन्या आणि वुल्फ या दोन डॉक्टरांनी अशा दुर्बिणीतून तारेचा फास टाकून, करंट देऊन पॉलीप कापून काढला. पोटावर टाका नाही काही नाही. त्या काळात ही किती मोठी गोष्ट होती ते आज लक्षात येत नाही.

पण काढायचा कशासाठी? तर लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलात मॉर्सन आणि त्यांच्या सोबत्यांनी काढलेल्या आतड्यांचे हजारो नमुने पाहून 1975 मध्ये मांडलं की मोठ्या आतड्याचे बहुतेक कॅन्सर आधी अ‍ॅडिनोमा जातीचा साधा पॉलीप असतात आणि तिथून कॅन्सरपर्यंत जायला बरीच वर्षं लागतात, साधारण दहा तरी. पॉलीप जितका मोठा तितका धोका जास्त. आजचा सगळा हिशोब या एका गोष्टीवर उभा आहे, कारण वाढ हळू असेल तर मधल्या काळात थांबता येतं.

तरी सुरुवातीला भीतीपोटी दरवर्षी दुर्बीण टाकायचे. मग 1980 मध्ये अमेरिकेत विनावर या डॉक्टरांच्या पुढाकारानं नॅशनल पॉलीप स्टडी हा अभ्यास सुरू झाला, सात सेंटर, 1418 पेशंट. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, एका गटाची तपासणी पहिल्या आणि तिसऱ्या वर्षी, दुसऱ्याची सरळ तिसऱ्या वर्षी. 1993 मध्ये निकाल आला. पहिल्या गटात नवे पॉलीप जास्त लोकांत सापडले पण ते बहुतेक बारीक, धोक्याचे पॉलीप मात्र दोन्हीकडं सारखेच, 3.3 टक्के. म्हणजे पहिल्या वर्षाच्या दुर्बिणीनं हाती काही विशेष लागलं नाही. 'तीन वर्षांनी या' हे वाक्य इथून आलं. त्याच वर्षी याच अभ्यासातून हेही दिसलं की पॉलीप काढलेल्यांत कॅन्सर अपेक्षेपेक्षा 76 ते 90 टक्के कमी झाला, आणि 2012 मध्ये मृत्यूही साधारण निम्म्यानं कमी असल्याचं छापून आलं.

पुढं कळत गेलं की सगळ्यांना तीन वर्षंही कशाला. 2006 च्या अमेरिकन नियमांत एक-दोन बारीक अ‍ॅडिनोमावाल्यांना 5 ते 10 वर्षं दिली, आणि 2020 मध्ये ती 7 ते 10 झाली, कारण अशा लोकांचा पुढचा धोका काहीच न सापडलेल्यांच्या जवळपास निघाला. तीन-चार बारीक असले तर 3 ते 5 वर्षं. पाच ते दहा असले, किंवा एकही 10 मिलीमीटर वा मोठा असला, किंवा तुकड्याच्या तपासणीत धोक्याची जात निघाली तर 3 वर्षं. दहापेक्षा जास्त असले तर वर्षभरात. आणि 20 मिलीमीटरच्या वरचा पॉलीप तुकड्या-तुकड्यानं काढला असेल तर सहा महिन्यात, मुळाशी काही राहिलं का ते पाहायला. इंग्लंडनं त्याच वर्षी कमी धोक्याच्या बऱ्याच लोकांची ठरवून करायची दुर्बीणच बंद केली, पण त्यांच्याकडं वयानुसार घरपोच संडासाच्या तपासणीचं किट येतं. आपल्याकडं सरकारी तपासणी आहे ती तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची, आतड्याची नाही, म्हणून इंग्लंडचा नियम इथं जसाच्या तसा उचलणं मला पटत नाही.

आता यात पाहा, संख्या आणि साइज दुर्बीण टाकणाऱ्याला दिसते पण जात कळते फक्त त्या तुकड्याच्या तपासणीच्या, म्हणजे बायोप्सीच्या, रिपोर्टात, आणि तो येतो काही दिवसांनी. तोवर सोयाबीनची सोंगणी नाहीतर कापसाची वेचणी सुरू असते, मजूर मिळत नाही, एका कागदासाठी दिवसभराची मजुरी आणि एसटीचं भाडं कोण घालवेल, रक्त तर थांबलंय. रिपोर्ट तिकडंच पडून राहतो आणि तारीख कधी ठरतच नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण एवढं सगळं सोसून पॉलीप काढून घेतलेला माणूस या एका कागदापायी सुटतो. घरातल्या कोणा पोरानं तेवढा कागद आणावाच, दुर्बिणीच्या रिपोर्टासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवावा आणि दोन्ही दाखवून डॉक्टरकडून पुढचं वर्ष लिहून घ्यावं.

अजून एक, हे सगळे आकडे पोट नीट साफ असताना पूर्ण आतडं पाहिलेल्या दुर्बिणीचे आहेत. पोट साफ करायचं औषध अर्धंच पिलं आणि घाण राहिली तर सात-दहा वर्षांचा भरवसा धरता येत नाही, साधारण वर्षाच्या आत परत बोलावतात. घरात आई, बाप, भाऊ, बहीण यांना आतड्याचा कॅन्सर झाला असेल तर हिशोब वेगळा, ते आधीच सांगायचं. आणि ही वर्षं त्रास नसलेल्या माणसासाठी आहेत, मधेच परत रक्त गेलं, वजन उतरलं, संडासची सवय बदलली तर कागदावरची तारीख येईपर्यंत थांबायचं नाही, लगेच जायचं.