चार मीटरच्या पलीकडची सेडान

होंडा सिटी, ह्युंदाई व्हर्ना, स्कोडा स्लाव्हिया, फोक्सवॅगन व्हर्टस. मुंबईत आज एखाद्या घरात ‘जरा मोठी सेडान घेऊ’ असं ठरलं, की बोलणं फिरून फिरून या चार नावांवर येतं. चारही साडेचार मीटरच्या आसपास लांब, इंजिन दीड लिटरपर्यंतचं, पाच जणांची बैठक आणि मागे भरपूर सामान गिळणारी डिकी. सनरूफ, घाम सुकवणाऱ्या सीट, समोरच्या गाडीपासून आपोआप अंतर राखणारी यंत्रणा असं पूर्वी फक्त परदेशी महागड्या गाड्यांत दिसणारं सामान आता यांतल्या कुठल्या ना कुठल्या टॉप मॉडेलमध्ये येतं. एवढ्या सोयी नेमक्या याच आकाराच्या गाडीत का आल्या? माझ्या मते याचं निम्मं उत्तर कराच्या पट्टीत आहे. पण सुरुवात कुर्ल्यापासून करायला हवी.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट ११०० आणि १९७४ पासून तिचंच नाव बदललेली प्रीमियर पद्मिनी ही मुंबईकर मध्यमवर्गाची पहिली ‘फॅमिली गाडी’. कंपनीने नाव काहीही ठेवो, शहराने तिला शेवटपर्यंत फियाटच म्हटलं. १,०८९ सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगला, दारांच्या पुढच्या कोपऱ्यात वारा आत वळवणारी त्रिकोणी काच. एसी नसलेल्या गाडीत दादर ते फोर्ट जाताना त्या त्रिकोणी काचेचं मोल काय होतं, हे तिच्या शेजारी बसलेल्यालाच ठाऊक. इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना, त्यामुळे मधून जाणाऱ्या शाफ्टसाठी गाडीच्या तळाला लांब उंचवटा असे. मागे तिघे बसले की मधल्याने पाय त्या उंचवट्याच्या दोन बाजूंना टाकायचे. ही जागा बहुतेक वेळा घरातल्या धाकट्याच्या वाट्याला यायची.

ऐंशीच्या दशकात ‘वरची’ म्हणावी अशी गाडी हवी असलेल्यांपुढे तीन पर्याय आले. १९८४ ची काँटेसा हे व्हॉक्सहॉल व्हिक्टर या ब्रिटिश गाडीचं भारतीय रूप. १९८५ ची स्टँडर्ड २००० दिसायला रोव्हरसारखी देखणी होती, पण फार चालली नाही. तिसरी कुर्ल्याचीच प्रीमियर ११८ एनई, तिला निस्सानचं ११७१ सीसीचं इंजिन. यांतली काँटेसा मुंबईच्या साहेबलोकांत रुजली. कारण एकच, मागची सीट. गाडी ड्रायव्हर चालवणार आणि मालक मागे पाय पसरून बसणार, या सवयीला ती बरोबर बसली. आजही मुंबईत या वर्गातली गाडी पाहायला आलेली मंडळी आधी मागचं दार उघडतात. ही सवय त्या काळाची आहे.

१९९० मध्ये मारुती १००० आली आणि तिने पुढच्या चाकांना जोर देणारी रचना सेडानमध्ये आणली. तळाचा तो उंचवटा बराचसा गेला. इंजिन मात्र ९७० सीसीचंच होतं, एसी लावला की गाडी दमायची. ती उणीव १९९४ च्या एस्टीमने १.३ लिटरचं इंजिन देऊन भरून काढली. १९९३ मध्ये मोटारउद्योग परवाना पद्धतीतून मोकळा झाल्यावर तर रांगच लागली. प्यूजो ३०९ कल्याणजवळ बनू लागली, फोर्ड एस्कॉर्ट नाशिकला, सिएलो आणि ओपेल अ‍ॅस्ट्राही आल्या. यांतल्या बहुतेक फार टिकल्या नाहीत.

टिकली ती होंडा सिटी. जानेवारी १९९८ मध्ये ती आली तेव्हा १.३ आणि १.५ लिटर अशी दोन इंजिनं होती. २००० मध्ये व्हीटेक हे होंडाचं जास्त जोरकस इंजिन आलं आणि तरुण खरेदीदार खुळावले. त्याच सुमारास मित्सुबिशी लॅन्सर, फोर्ड आयकॉन आणि ह्युंदाई अ‍ॅक्सेंटही रस्त्यावर आल्या. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाला. शंभरच्या आसपासच्या वेगात तासभर शांत, जमिनीला धरून चालणारी गाडी कशाला म्हणतात, हे मुंबईकरांना त्या रस्त्याने शिकवलं. औरंगाबादजवळ शेंद्र्याला बनणारी स्कोडा ऑक्टाव्हिया, २००३ ची कोरोला, २००६ ची सिव्हिक या सिटीच्या वरच्या पायरीवरच्या गाड्या याच काळातल्या.

मग आलं २००६ चं अंदाजपत्रक. चार मीटरपेक्षा कमी लांबी आणि पेट्रोलचं इंजिन १,२०० सीसीपर्यंत, डिझेलचं १,५०० पर्यंत असेल तर ती ‘छोटी गाडी’ ठरली. तिचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आलं. कंपन्यांनी डिकी कापून चार मीटरच्या आत बसणाऱ्या सेडान काढल्या. पुढे त्याच टॅक्सी म्हणूनही धावू लागल्या आणि ‘डिकीवाली गाडी’ या शब्दांतला रुबाब गेला. साडेचार मीटरची गाडी घेणाऱ्याला आता प्रत्येक वेळी सांगावं लागणार होतं की हा जास्तीचा पैसा कशासाठी. नुसती लांबी पुरेशी नव्हती, आत बसल्यावर फरक दिसायला हवा होता. सोयींची चढाओढ इथूनच पेटली, असं मला ठामपणे वाटतं.

२०११ च्या व्हर्नाने तो फरक दाखवला. बटण दाबून सुरू होणारं इंजिन, मागचं दाखवणारा कॅमेरा, टॉप मॉडेलमध्ये सहा एअरबॅग आणि १२८ पीएस ताकदीचं डिझेल इंजिन. डिझेल पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त होतं तेव्हाची ही गोष्ट. डिझेल नसलेल्या सिटीला त्याचा फटका बसला. २०१४ च्या नव्या सिटीत डिझेल आलं, सोबत मागच्या सीटला एसीचे व्हेंटही. त्याच वर्षी मारुती सियाझ आली, चाकांमधलं अंतर २,६५० मिलिमीटर. उंच माणसाने पुढची सीट मागे घेतली तरी पाठीमागच्याचे गुडघे मोकळे राहायचे.

माझ्या मते या चढाओढीतली मुंबईला सर्वात उपयोगी पडलेली सोय २०१७ च्या व्हर्नात आली, पुढच्या हवेशीर सीट. सीटच्या आत बारीक पंखे असतात आणि वर बारीक छिद्रांचं कापड किंवा लेदर. एसी समोरून गार करतो, पण पाठ आणि मांडीखालची दमट उष्णता तशीच राहते. मे महिन्यात पश्चिम द्रुतगती महामार्गावर अंधेरीच्या गर्दीत गाडी रांगत असताना तिथली हवा हलती राहणं ही चैन नाही, गरज आहे. त्यामानाने सनरूफ मुंबईत कमी वापरात येतं. उन्हात काच तापते आणि धुळीने माखते. पण मुलांना ते हवंच असतं आणि खरेदीच्या दिवशी मुलांचं मत जड ठरतं.

नंतरचा टप्पा सुरक्षेचा. काही गोष्टी कायद्याने आल्या, जसं २०१९ पासून एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. काही स्पर्धेने आल्या. स्लाव्हिया, व्हर्टस आणि व्हर्ना यांना २०२३ मध्ये गाड्या आदळवून सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत पाच तारे मिळाले. सगळ्या कुटुंबाच्या प्रवासाला हे तारे मला सनरूफपेक्षा शंभरपट महत्त्वाचे वाटतात. २०२२ च्या सिटी हायब्रिडने लिटरला २६.५ किलोमीटरचा दावा केला आणि कॅमेऱ्याच्या डोळ्याने रस्ता बघून ब्रेक लावणारी यंत्रणाही आणली. कोस्टल रोडवर किंवा अटल सेतूवर, जिथे पट्टे ठळक आहेत, तिथे ती छान काम करते. लालबागमध्ये दुचाकी दोन्ही बाजूंनी घुसतात तिथे भान ड्रायव्हरलाच ठेवावं लागतं.

इतकं सगळं असून ग्राहक एसयूव्हीकडे गेला. त्यात मुंबईच्या पावसाचाही हात आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि बुडालेल्या गाड्यांचे फोटो अजून लोकांच्या डोळ्यांपुढे आहेत. बुटक्या गाडीच्या इंजिनात हवेच्या वाटेने पाणी शिरतं. अशा वेळी गाडी पुन्हा सुरू करायचा प्रयत्न केला की आतला कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन संरक्षणाचं वेगळं कवच घेतलं नसेल तर विमा कंपनी सहसा हात वर करते. ‘खाली लागते’ ही सेडानची जुनी तक्रार. स्लाव्हियाने ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या तळाची जमिनीपासूनची उंची, १७९ मिलिमीटर ठेवून त्यावर उत्तर दिलं. पण २०१५ च्या ह्युंदाई क्रेटा या एसयूव्हीनंतर उंच बसण्याची गोडी लागली ती लागलीच. जीएसटीत दीड लिटरच्या आतली एसयूव्ही आणि अशी सेडान दोन्हींवर उपकर धरून ४५ टक्केच कर होता. तेवढ्याच करात उंच गाडी मिळत असेल तर डिकीवाली कशाला, असं घरोघर म्हटलं जाऊ लागलं. कोरोला आणि सिव्हिक २०२० मध्ये बंद झाल्या, सियाझ २०२५ मध्ये.

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवर १८ टक्के आणि चार मीटरच्या वरच्यांवर सरसकट ४० टक्के जीएसटी आहे. दोन्हींचा कर उतरला, पण छोट्या पेट्रोल गाडीचा २९ वरून १८ झाला आणि सेडानचा ४५ वरून ४०. म्हणजे दोघींमधलं अंतर १६ टक्क्यांचं होतं ते २२ झालं. उरलेल्या चौघींना आता या वाढलेल्या फरकाचं उत्तर मागच्या सीटच्या आरामातून आणि पाच ताऱ्यांतून द्यायचं आहे.