जाम झालेले छोटे स्क्रू: भाग आमच्याकडे पाठवण्यापूर्वी

जुन्या फियाट ११००, प्रीमियर पद्मिनी किंवा ॲम्बॅसेडरचे कार्ब्युरेटर, दिव्यांच्या चौकटी आणि मीटर आमच्याकडे दुरुस्तीला येतात, तेव्हा कित्येकदा असे दिसते की भाग वयाने खराब झालेला नाही. चार-पाच मिलिमीटरचा एक स्क्रू खोलण्याच्या झटापटीत तो फुटला आहे. नवा स्क्रू दुकानात मिळतो, फुटलेली ओतीव चौकट मिळत नाही. म्हणून, स्क्रू हटत नसेल तर पहिल्या दोन प्रयत्नांनंतर थांबावे, अशी आमची आपणांस कळकळीची विनंती आहे.

असे स्क्रू जाम होण्याचे मुख्य कारण म्हणजे दोन वेगळ्या धातूंचा संग. स्क्रू पोलादी असतो आणि चौकट बहुधा जस्ताच्या किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची. दमट, खारट हवेत या दोन्हींमध्ये ओलावा शिरला की मऊ धातू झिजू लागतो आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांमध्ये घट्ट बसते. किनारपट्टीवर राहिलेल्या गाड्यांत हे फार आढळते. दुसरे कारण माणसाने केलेले असते. ॲम्बॅसेडर ही इंग्लिश मॉरिसच्या घराण्यातली गाडी असल्याने तिच्यात इंची आट्यांचे स्क्रू आहेत, तर फियाट-पद्मिनीत मेट्रिक. इंची १० नंबरच्या, इंचाला ३२ आटे असलेल्या स्क्रूच्या भोकात ५ मिलिमीटरचा मेट्रिक स्क्रू सुरुवातीला सहज जातो, कारण दोघांचे आटे जवळजवळ सारखे आहेत. पण तो किंचित जाड असल्याने पुढे अडकतो आणि जोर दिल्यास भोकाचे आटे जातात.

आमचे काम स्क्रू ड्रायव्हरपासून सुरू होते. घरगुती ड्रायव्हरचे टोक पाचरीसारखे निमुळते असते; ते खाचेच्या फक्त वरच्या कडेला टेकते आणि पिळताना वर चढून खाच खाऊन टाकते. आम्ही टोक घासून खाचेच्या तळापर्यंत नेमके बसेल असे करतो. स्क्रू आधी केसभर आवळून पाहतो, मग उलट फिरवतो. पहिली हालचाल कोणत्याही दिशेने झाली तरी ती उपयोगाची असते. ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर जाड पोलादी भागांना चालतो, ओतीव चौकटीला कधीही नाही.

भेदक तेलाला, म्हणजे जाम आट्यांत झिरपणाऱ्या पातळ तेलाला, वेळ लागतो. एका रात्रीत काम होईल अशी अपेक्षा ठेवू नये. आम्ही चार-पाच दिवस रोज थेंबभर तेल सोडतो आणि स्क्रूच्या डोक्यावर हलके टकटक करतो. ऑटोमॅटिक गिअरचे तेल आणि ॲसिटोन यांचे निम्मे-निम्मे मिश्रण चांगले शिरते, परंतु ॲसिटोन चटकन पेट घेतो आणि दिव्याची प्लास्टिकची काच व रंग खराब करतो, म्हणून ते घरी वापरू नये. घरी थोडे रॉकेल सोडून ठेवले तरी पुरे.

उष्णतेबाबत आम्ही सर्वांत जास्त सावध असतो. जस्त साधारण ४२० अंश सेल्सिअसला वितळते, आणि ओतीव भागांतले त्याचे मिश्रधातू त्याहूनही आधी, ३८०च्या आसपास. वितळण्यापूर्वी त्यांचा रंग बदलत नाही, त्यामुळे बर्नरची ज्योत लावली की चौकट इशारा न देता खाली बसते. आम्ही गरम हवेच्या गनने भाग सौम्य तापवतो. जस्त पोलादाच्या दुपटीहून अधिक प्रसरण पावते, म्हणून भोक स्क्रूपेक्षा थोडे अधिक मोठे होते. त्याच वेळी मेणबत्ती टेकवली तर वितळलेले मेण आट्यांत ओढले जाते. कार्ब्युरेटरमधले पेट्रोल पूर्ण काढून भाग वाळवल्याशिवाय हे करायचे नसते.

कार्ब्युरेटरच्या थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनात जाणारी वाट कमी-जास्त उघडणाऱ्या, चकतीचे दोन इवलेसे स्क्रू निराळेच प्रकरण आहे. ते सुटून इंजिनात जाऊ नयेत म्हणून कारखान्यात त्यांची मागची टोके ठोकून पसरवलेली असतात. ती आधी कानशीने घासली नाहीत, तर पितळी दांड्याचे आटे हमखास जातात. तेथे आम्ही प्रत्येक वेळी नवे स्क्रू घालून टोके पुन्हा पसरवतो.

स्क्रू मोडलाच, तर छोट्या मापात रिव्हर्स एक्स्ट्रॅक्टर (मोडक्या स्क्रूत भोक पाडून, त्यात उलटा पिळून तो बाहेर काढायचे हत्यार) आम्ही टाळतो, कारण तो कडक पोलादाचा असून आत मोडला की त्यात ड्रिलही शिरत नाही. पितळी भागातला पोलादी तुकडा तुरटीच्या गरम, दाट द्रावणात ठेवल्यास हळूहळू विरघळतो आणि पितळ टिकते. घड्याळजींची ही जुनी युक्ती आहे. जस्ताच्या भागाला मात्र ती चालत नाही. तेथे उलट्या दिशेने कापणारे ड्रिल बरोबर मध्यावर चालवावे लागते, आणि त्याला वेळ लागतो. म्हणून अशा कामाचा अंदाज आम्ही भाग पाहिल्यावरच देतो.

भाग पाठवताना तो घासूनपुसून पाठवू नये. त्यात कोणते तेल सोडले, किती वेळा प्रयत्न झाला, हे चिठ्ठीवर लिहावे. निघालेले स्क्रू, मोडके असले तरी, वेगळ्या पुडीत द्यावेत, कारण त्यांवरूनच आम्हांला आट्याचे मूळ माप कळते.