व्यावसायिक कुस्तीतील कथानक

निकाल आधीच ठरलेल्या कुस्तीत दोन मल्ल, रेफरी आणि प्रेक्षक मिळून रिंगमध्ये जी गोष्ट उभी करतात, तिला व्यावसायिक कुस्तीतील कथानक म्हणतात. मातीवरची किंवा गादीवरची कुस्ती हा वेगळा खेळ. नागपुरात या प्रकाराला 'व्यावसायिक कुस्ती' असे कोणी म्हणत नाही. हे सामने भरवणाऱ्या अमेरिकी कंपनीवरून पूर्वी 'डब्ल्यूडब्ल्यूएफ' आणि २००२ मध्ये तिने नाव बदलल्यावर 'डब्ल्यूडब्ल्यूई', एवढेच नाव चालते. केबल टीव्ही घरोघरी पोचल्यावर हा खेळ शहरात रुजला. अमेरिकेत सोमवारी रात्री होणारा कार्यक्रम आपल्याकडे मंगळवारी पहाटे दिसतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी घराबाहेर पडायची सोय नसे, तेव्हा कूलरपुढे बसून मल्लांच्या ट्रम्प कार्डांवर उंची आणि वजनाच्या पैजा लागत. एका अख्ख्या पिढीला अंडरटेकर या मल्लाची उंची पाठ झाली ती अशी.

'सारं खोटं राहते भाऊ' हा या खेळावरचा नागपुरी शेरा जुना आहे, आणि चुकीचाही नाही. फेब्रुवारी १९८९ मध्ये न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे कंपनीने स्वतःच कबूल केले, की ही स्पर्धा नसून करमणूक आहे. क्रीडा आयोगाची देखरेख आणि कर यांतून सुटावे, हा त्यामागचा रोकडा हिशेब होता. त्याआधी मल्लांनी हे गुपित जिवापाड जपले होते; नायक आणि खलनायक एका गाडीतून प्रवाससुद्धा करत नसत. गुपित उघडे पडले, तरी गर्दी काही ओसरली नाही. झाडीपट्टीत रात्रभर नाटक बघणाऱ्याला खलनायकाचे शेवटी काय होणार हे पहिल्या अंकापासून ठाऊक असते आणि तरी तो पहाटेपर्यंत हलत नाही. शिवाय दर हिवाळ्यात विधिमंडळाचे अधिवेशन भरवणाऱ्या शहराला नुरा कुस्ती बघायची सवय आहेच. तेव्हा खरा प्रश्न वेगळा आहे: निकाल ठरलेलाच असताना एक लढत वर्षानुवर्षे आठवते आणि दुसरी जेवण होईपर्यंत विसरते, ती कशामुळे?

दुखणे लक्षात ठेवणे

याचे उत्तर बहुतेक वेळा एकाच गोष्टीत सापडते. चांगल्या लढतीत आधी जे घडले त्याचा परिणाम पुढे दिसतो. मार लागल्याचे दाखवण्याच्या कसबाला मल्ल 'सेलिंग' म्हणतात आणि या धंद्यात त्याहून मोठे कसब नाही. समजा, खलनायकाने दहा मिनिटे नायकाचा डावा गुडघा धरला. रिंगच्या खांबावर आपटला, पिळला, त्यावर उड्या मारल्या. पुढे नायक उसळून उठतो आणि आपली हुकमी लाथ मारतो. लाथ बसते, खलनायक आडवा होतो. पण लाथ त्याच डाव्या पायाची असल्याने नायकही गुडघा धरून कोसळतो. सरपटत जाऊन तो अंगावर हात टाकेपर्यंत दोन-तीन सेकंद गेलेले असतात. रेफरीचा हात मॅटवर तीनदा पडला, की लढत संपली. तो दोनदा पडतो आणि तिसऱ्यांदा पडणार तोच खालच्याचा खांदा उचलला जातो. सगळी गोष्ट त्या वाया गेलेल्या दोन-तीन सेकंदांत असते. हाच नायक लाथ मारून टुणटुणीत पळू लागला, तर सोफ्यावरून लगेच आवाज येतो, 'अबे, याचा तर पाय दुखत होता ना?' समीक्षेचा याहून नेमका निकष अजून कोणी मांडलेला नाही.

याचा उत्तम नमुना म्हणजे २९ मार्च १९८७ रोजी मिशिगन राज्यातील पॉन्टियाक येथे झालेली रॅंडी सॅव्हेज आणि रिकी स्टीमबोट यांची लढत. त्याच्या काही महिने आधी सॅव्हेजने रिंगची लोखंडी घंटा स्टीमबोटच्या गळ्यावर आपटून त्याला जायबंदी केल्याचे दाखवले होते. लढत लागली ती या पार्श्वभूमीवर, आणि सॅव्हेज पुनःपुन्हा गळ्यावरच जात राहिला. शेवटी रेफरी पडला असताना त्याने पुन्हा तीच घंटा उचलली. स्टीमबोटच्या बाजूने उभ्या असलेल्या जॉर्ज स्टीलने त्याला दोरावरून खाली ढकलले. पुढच्या क्षणी सॅव्हेजने उचललेल्या स्टीमबोटने त्यालाच गुंडाळून खाली घेतले आणि पाठ टेकवली. ज्या घंटेने वैर सुरू झाले, तिच्याच लोभापायी सॅव्हेजने किताब गमावला. सॅव्हेजने ही लढत आधी डावागणिक लिहून काढली होती आणि स्टीमबोटकडून ती घोकून घेतली होती. सगळेच असे करत नाहीत. पुष्कळ मल्ल शेवट आणि दोन-चार मोठे प्रसंग तेवढे ठरवतात. बाकीचे मान आवळून धरल्याच्या आविर्भावात एकमेकांच्या कानात कुजबुजत जुळवतात. किती वेळ उरला, हा निरोप रेफरी आणून देतो.

त्याच दिवसाची मुख्य लढत हल्क होगन आणि आंद्रे द जायंट यांची होती. डावपेचांच्या हिशेबाने ती सुमारच. आंद्रेची पाठ खरोखरच कामातून गेलेली होती आणि त्याला धड हलताही येत नव्हते. पण पहिल्याच मिनिटात होगन त्याला उचलायला गेला, त्याच्याच वजनाखाली सापडला आणि थोडक्यात वाचला. आता उचलणे अशक्य, हे प्रेक्षकांच्या मनावर ठसले. मग बारा मिनिटांच्या आत तेच अशक्य घडले. आयोजकांनी त्या दिवशी ९३,१७३ प्रेक्षक जाहीर केले. आकड्यावर आजही वाद आहे, पण त्या उचलण्यावर नाही.

खलनायकाचे काम

नायकाला धंद्याच्या भाषेत 'फेस' आणि खलनायकाला 'हील' म्हणतात. मेक्सिकोत 'तेक्निको' आणि 'रुदो'. लढतीची लय बहुधा हीलच सांभाळतो. रूढ अमेरिकी रचनेत आधी नायक चमकतो, मग हील काहीतरी लबाडी करून पारडे फिरवतो, त्यानंतर बराच काळ नायक मार खातो आणि शेवटी उसळतो. मार खाण्याचा हा मधला भाग, म्हणजे 'हीट', सर्वांत कठीण असतो. तो लांबला तर लोक फोन काढतात आणि आखूड पडला तर नायकाच्या उसळण्याला किंमत उरत नाही. जोडीच्या लढतीत हे फार स्वच्छ दिसते. एक जण कोपऱ्यापासून दूर मार खातो आहे, त्याचा साथीदार दोरीबाहेर हात लांब करून उभा आहे (हाताला हात लागला तरच त्याला आत येता येते) आणि अंतर एका बोटाचे राहते. हात लागतो, पण नेमका तेव्हा रेफरीला हीलने दुसरीकडे गुंतवलेले असते. त्याने पाहिले नाही म्हणून साथीदाराला परत बाहेर पाठवले जाते. मग जेव्हा तो खरोखर आत येतो, तेव्हा सभागृहाचे छत उडते.

खलनायकाला मनापासून शिव्या घालायची नागपूरला परंपराच आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मारबत-बडग्यांच्या मिरवणुकीत लोक 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' असे ओरडत दुष्ट प्रवृत्तींचे पुतळे शहरभर फिरवतात आणि मग जाळतात. बडग्यांमध्ये महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत त्या-त्या वर्षीचे हील असतात. इथल्या प्रेक्षकाला ओरडायला शिकवावे लागत नाही. ओरडण्यासाठी योग्य कारण देणे, हे मात्र मल्लाचे काम. हील नुसता दुष्ट असून भागत नाही. आपलेच बरोबर आहे असे त्याला वाटत असावे लागते आणि लबाडी करताना तो रेफरीच्या पाठीमागे करतो, म्हणजे नियमाचा धाक त्यालाही असतो. ज्या रिंगमध्ये कशालाच बंदी नाही, तिथे लबाडीच होऊ शकत नाही आणि हील बिचारा बेकार होतो. हाणामारीच्या बिननियमी लढती वारंवार लावणाऱ्या आयोजकांच्या हे ध्यानात येत नाही.

बाजू बदलण्याचे सर्वोत्तम उदाहरण म्हणजे २३ मार्च १९९७ रोजी शिकागोजवळील रोझमॉंट येथील ब्रेट हार्ट विरुद्ध स्टीव्ह ऑस्टिन ही लढत. हार्ट नायक म्हणून आत आला, ऑस्टिन हील म्हणून. प्रतिस्पर्ध्याने तोंडाने हार मानेपर्यंत खेळायचे, अशी अट होती. शेवटी हार्टने ऑस्टिनला पालथा पाडून त्याचे पाय आपल्या हुकमी पेचात अडकवले. ऑस्टिनच्या कपाळातून रक्ताच्या धारा दातांपर्यंत आलेल्या. त्याने दोन्ही हात टेकून अंग वर उचलले, पेच जवळजवळ सोडवला आणि पुन्हा खाली गेला. हार मात्र मानली नाही. तो बेशुद्ध पडला आणि रेफरी केन शॅमरॉकने लढत थांबवली. जिंकलेल्या हार्टने बेशुद्ध माणसाला पुन्हा मारायला सुरुवात केली तेव्हा लोक त्याच्यावर उलटले, आणि मदत नाकारून लंगडत निघालेल्या ऑस्टिनच्या नावाचा गजर झाला. निवेदकाला काही समजावून सांगावे लागले नाही. हरणारा मोठा झाला आणि जिंकणारा लहान. निकाल ठरलेला असण्याचा याहून चांगला उपयोग क्वचितच झाला असेल.

कधी प्रेक्षकच कथानक हिसकावून घेतात. १७ मार्च २००२ रोजी टोरांटोत द रॉकविरुद्ध हील म्हणून उतरलेल्या हल्क होगनचा लोकांनी असा जयघोष केला, की दोघांना रिंगमध्येच आपापल्या भूमिका बदलून घ्याव्या लागल्या. लिहिलेल्या गोष्टीला चिकटून राहण्यापेक्षा समोरच्यांचे ऐकणे हे मोठे कौशल्य, हे त्या दिवशी दोघांनी दाखवले.

उंची, वेळ आणि मुरवण

उंचावरून पडणे म्हणजे कथा नव्हे. २८ जून १९९८ रोजी पिट्सबर्गमध्ये अंडरटेकरने मॅनकाइंड या मल्लाला रिंगभोवतीच्या सुमारे सोळा फूट उंच पिंजऱ्यावरून खाली टेबलावर फेकले. ते दृश्य सर्वांनी पाहिलेले असते. लढतीला अर्थ मात्र आला तो नंतर, मॅनकाइंड स्ट्रेचरवरून उठून पुन्हा पिंजऱ्यावर चढू लागला तेव्हा. वेळेचेही तसेच आहे. २०१६ मध्ये गोल्डबर्गने ब्रॉक लेस्नरला ८६ सेकंदांत लोळवले आणि ती लढत बरोबरच होती, कारण तोवर लेस्नरला कोणी हलवू शकत नाही हे वर्षानुवर्षे बिंबवले गेले होते. उलट जपानमध्ये काझुचिका ओकाडा आणि केनी ओमेगा यांनी २०१७ मध्ये पूर्ण साठ मिनिटे खेळून बरोबरी केली आणि जून २०१८ मध्ये ओमेगा जिंकला, तेव्हा आधीच्या लढतींतला प्रत्येक चुकलेला डाव प्रेक्षक मोजत बसले होते. मुरवणीचा, म्हणजे गोष्ट वर्षानुवर्षे मुरू देण्याचा, अंतिम हिशेब अंडरटेकरचा. रेसलमेनिया या कंपनीच्या सर्वांत मोठ्या वार्षिक कार्यक्रमातील त्याच्या सलग २१ विजयांची मालिका ६ एप्रिल २०१४ रोजी तुटली, त्यावेळी सभागृहात काही क्षण कोणाला ओरडायचेही सुचले नाही.

भारतीय नायक

दारासिंगच्या काळात, १९५०–६० च्या दशकांत, ही भाषा भारताला चांगली येत होती. समोर किंग कॉंग नावाचा अवाढव्य मल्ल, इकडे देखणा पंजाबी गडी. १९६८ मध्ये मुंबईत अमेरिकी मल्ल लू थेझला हरवणे हा त्या गोष्टीचा कळस. तालमीतली भाषा, शरीर आणि सभ्यपणा दारासिंगकडे असल्यामुळे लोकांना ती गोष्ट आपली वाटली. द ग्रेट खलीने जुलै २००७ मध्ये जागतिक किताब जिंकला, तेव्हा नागपूरच्या शाळांमध्ये दुसरा विषय नव्हता. पण सात फुटांहून उंच खलीला वेगाने हलता येत नसे आणि गोष्ट सांगण्याचा भार समोरच्याच्या पडण्यावर येई. जिंदर महालची कथा अधिक बोधक आहे. पंजाबी वंशाच्या या कॅनेडियन मल्लाने २१ मे २०१७ रोजी किताब जिंकला, तोही ऑस्टिन रक्ताळला त्याच रोझमॉंटच्या सभागृहात. भारतीय बाजारासाठी त्याला पुढे आणलेले आणि भूमिका दिली ती अमेरिकेचा तिरस्कार करणाऱ्या परक्या हीलची. इथल्या प्रेक्षकाने टाळ्या वाजवायच्या की शिव्या घालायच्या, हे कंपनीने ठरवलेच नव्हते. डिसेंबर २०१७ मध्ये दिल्लीत तो अमेरिकी मल्ल ट्रिपल एचकडून हरला आणि नंतर दोघे भांगडा नाचले.

मातीतल्या कुस्तीशी या प्रकाराची तुलना नागपुरात नेहमी होते आणि ती बहुधा चुकीच्या जागी होते. विदर्भातल्या आम दंगलीत तुल्यबळ जोड लागली, तरी काटा कुस्ती अर्ध्या मिनिटात चितपट होऊन संपू शकते. तिथे गोष्ट निकालातून जन्मते आणि नंतर गावभर सांगितली जाते. रिंगमध्ये निकाल हा गोष्टीचा शेवटचा तुकडा असतो. विदर्भ केसरीच्या गदेसाठी लढणाऱ्याकडून मधल्या भागाची अपेक्षा कोणी करत नाही.

१ एप्रिल २०२५ पासून डब्ल्यूडब्ल्यूईचे कार्यक्रम भारतात नेटफ्लिक्सवर दिसतात. बहुतेक तरुण प्रेक्षक मात्र मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांत फक्त शेवटची लाथ बघतात. त्या तुकड्यांत गुडघा पिळलेला भाग कापलेला असतो. मग लाथ मारणारा स्वतः का कोसळला, हे काही कळत नाही.