ऑफ-रोड मोटारसायकलचं ऑईल: वादाचं मूळ इंजिनात नव्हे, क्लचमध्ये

मोटोक्रॉस किंवा एंड्युरो अशा मातीतल्या शर्यतींच्या गाड्या चालवणारे चारजण एकत्र आले की ऑईलचा विषय निघतोच. कुणी ‘एमए२’ ही क्लचच्या पकडीची खूण असल्याशिवाय डब्याला हात लावत नाही, कुणी वर्षानुवर्षं डिझेल ट्रकचं ऑईल घालतो, कुणी दर दोन राइडनंतर ऑईल उतरवतो. या प्रत्येक सवयीला इतिहास आहे. त्यासाठी फार मागे जायचं कारण नाही, खरी उलथापालथ १९९० च्या दशकात झाली.

त्याआधीचं थोडक्यात. अगदी सुरुवातीच्या मोटारसायकलींमध्ये ऑईल फिरून टाकीत परत येतच नसे. हातपंपानं थोडं थोडं इंजिनात सोडायचं, ते जळून किंवा गळून जायचं. ऑईल बदलण्याचा प्रश्नच नव्हता, सतत भरत राहायचं. शर्यतीत एरंडेल तेल चाले. उष्णतेत ते धातूला घट्ट चिकटून राही, पण मागे लाखेसारखा थर सोडी. दाटपणाच्या वर्गवारीची सुरुवात अमेरिकेत १९११ मध्ये झाली आणि हिवाळ्याचा ‘डब्ल्यू’ त्यात १९५० च्या दशकात आला. जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींत इंजिन, प्रायमरी चेन (इंजिनाची ताकद क्लचपर्यंत नेणारी साखळी) आणि गिअरबॉक्स अशी तीन वेगळी ऑईलं असत. जपानी कंपन्यांनी हे तिन्ही एकाच कवचात आणि एकाच ऑईलवर आणलं. त्या वेळी ही केवळ सोय वाटली. पुढच्या सगळ्या भांडणाची बीजं मात्र तिथेच पडली.

१९६० च्या दशकाच्या अखेरीपासून जवळजवळ तीस वर्षं मातीतल्या शर्यतींवर टू-स्ट्रोकचं राज्य होतं. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनचं वंगण पेट्रोलमधूनच येतं आणि जळून जातं. क्रँककेस गिअरबॉक्सपासून बंद असल्यामुळे खालच्या ऑईलला ज्वलनाची काजळी लागत नाही, पेट्रोलही त्यात उतरत नाही. त्याच्या वाट्याला फक्त गिअर आणि क्लच. म्हणून त्या काळात कुणी १०डब्ल्यू-४० (थंडीत १० आणि तापल्यावर ४० दाटपणाचं इंजिन ऑईल) घाले, कुणी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ऑईल, कुणी ७५डब्ल्यू किंवा ८० चं गिअर ऑईल, आणि बहुतेकांचं भागून जाई. ८० हा आकडा बघून आजही लोक दचकतात. पण गिअर ऑईलची मोजपट्टी वेगळी आहे. तिथलं ८० म्हणजे शंभर अंश सेल्सियसला साधारण ७ ते ११ सेंटिस्टोक (दाटपणाचं एकक), आणि इंजिन ऑईलचं ३० म्हणजे ९.३ ते १२.५. थोडक्यात, ८० चं गिअर ऑईल ४० च्या इंजिन ऑईलपेक्षा पातळच असतं.

मोठे सिंगल-सिलिंडर फोर-स्ट्रोक तेव्हाही होते. यामाहाच्या १९७६ च्या एक्सटी ५०० मध्ये ऑईल फ्रेमच्या नळीत साठवलेलं असे, आणि १९७९ ची पहिली पॅरिस-डाकार शर्यत याच मॉडेलनं जिंकली. पण ती दणकट, सावकाश फिरणारी इंजिनं. मोटोक्रॉसच्या दृष्टीनं जडच.

चित्र बदललं ते एका नियमामुळे. २५० सीसी टू-स्ट्रोकच्या वर्गात फोर-स्ट्रोकला जवळपास दुप्पट क्षमतेची मुभा मिळाली. जोडीला कॅलिफोर्नियातले हवाप्रदूषणाचे नियम टू-स्ट्रोकच्या मुळावर येत होते. १९९७ मध्ये लास वेगासच्या सुपरक्रॉस (स्टेडियममधला मोटोक्रॉस) फेरीत एक ४०० सीसी फोर-स्ट्रोक पहिली आली आणि पुढच्या वर्षी तिचंच रूप, यामाहाचं वायझेड ४०० एफ, विक्रीला आलं. दुप्पट क्षमतेची सवलत न्याय्य होती का, यावर आजही लोक हिरिरीनं बोलतात. मला ती गरजेपेक्षा उदार वाटते. पण ऑईलच्या इतिहासात तिचा परिणाम स्पष्ट आहे: एकदोन लिटरच्या घरातल्या ऑईलवर, अतिशय वेगानं फिरणाऱ्या इंजिनाचे पिस्टन, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे भाग), गिअर आणि क्लच असं सगळंच येऊन पडलं.

नेमक्या याच वेळी कारचं ऑईल दुसऱ्या दिशेनं निघालं होतं. दर्जाच्या (दाटपणाच्या नव्हे) अमेरिकी वर्गवारीत १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘एसजी’ आलं, १९९३ मध्ये ‘एसएच’, १९९६ मध्ये ‘एसजे’. दर टप्प्याला दोन दबाव वाढत गेले: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) वाचवायला फॉस्फरस कमी करायचा, आणि पेट्रोल वाचवायला घर्षण कमी करायचं. फॉस्फरस येतो झिंकच्या झीजरोधक रसायनातून, आणि कॅम व गिअरच्या दातांवर पातळ संरक्षक थर धरतो तो हाच. घर्षण कमी करणारी रसायनं कारला वरदान ठरली, कारण कारचा क्लच कोरडा आणि वेगळ्या घरात असतो. मोटारसायकलचा क्लच त्याच ऑईलात बुडालेला. चढावर गॅस दिला की इंजिनाचा आवाज चढतो, गाडी मात्र तिथल्या तिथे, आणि जळका वास नाकात शिरतो. हे ज्यानं एकदा अनुभवलं, त्याला घर्षण हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

म्हणूनच बऱ्याच मॅन्युअलांमध्ये आजही ‘एसजी किंवा वरचं’ असं लिहिलेलं सापडतं, आणि पुढे इशारा असतो की गोल खुणेत ‘एनर्जी कन्झर्व्हिंग’ छापलेलं ऑईल वापरू नये. डबा हातात घेऊन बघा. गोल खुणेच्या वरच्या अर्ध्या भागात सेवावर्ग (एसजी, एसजे वगैरे), मध्यभागी ग्रेड आणि खालच्या कडेला हे दोन शब्द, किंवा ती जागा रिकामी. मोटारसायकलवाल्यानं बघायची ती खालची कड. २०१० मध्ये ‘एसएन’ आलं तेव्हा हे शब्द बदलून ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ झाले, मॅन्युअलांतला इशारा मात्र पुष्कळ ठिकाणी जुनाच राहिला. ही खूण बहुतेक करून २० आणि ३० च्या पातळ ग्रेडवर असते, १०डब्ल्यू-४० वर सहसा नसते. फॉस्फरसची कडक मर्यादाही मुख्यतः त्याच पातळ ग्रेडना लागू झाली. ‘कारच्या ऑईलनं क्लच जातो’ हे सरसकट विधान त्यामुळे अर्धंच खरं आहे.

अमेरिकी वर्गवारीवर विसंबून चालणार नाही हे ओळखून जपानच्या मोटारउद्योगानं १९९८ मध्ये चार-स्ट्रोक मोटारसायकलच्या ऑईलचं स्वतःचं मानक काढलं. वायझेड ४०० एफ आलं तेच हे वर्ष. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध नव्हता, पण ऑफ-रोडवाल्यांना मानक हवं होतं अगदी तेव्हाच ते हाती आलं. त्यात दोन वर्ग: जास्त घर्षणाचा एमए आणि कमी घर्षणाचा एमबी. एमबी म्हणजे हलक्या प्रतीचं ऑईल नव्हे. ज्या स्कूटरचा क्लच कोरडा आहे, तिला ते योग्यच.

२००६ च्या आवृत्तीत एमएचे पोटभाग झाले, एमए१ आणि एमए२. गोंधळ सुरू झाला तो इथून. ‘एमए२ ही एमएची सुधारित आवृत्ती’ अशी समजूत इतकी पक्की बसली आहे की विक्रेतेही तेच सांगतात. मुळात चाचणी अशी असते: क्लचच्या प्लेटा ठरावीक तापमानाच्या ऑईलात बुडवून, फिरतं वजन पुन्हा पुन्हा दाबून थांबवायचं. त्यातून तीन निर्देशांक काढतात. पहिला प्लेटा घसरत असतानाच्या घर्षणाचा, दुसरा पूर्ण पकडलेल्या प्लेटा सुटायला लागणाऱ्या जोराचा, तिसरा थांबायला लागणाऱ्या वेळेचा. तिन्ही प्रमाण ऑईलांशी ताडून मांडतात. एमएच्या पट्ट्याचे दोन भाग केलेत, खालचा आणि वरचा. तिन्ही निर्देशांक वरच्या भागात बसले तर एमए२, तिन्ही खालच्या भागात बसले तर एमए१. एखादा वर आणि एखादा खाली असेल तर नुसतं एमए.

म्हणजे नुसतं एमए लिहिलेलं ऑईल जुनं किंवा कमी दर्जाचं ठरत नाही, त्याचे तीन आकडे एका भागात बसत नाहीत एवढंच. इंजिनाची झीज कोणतं ऑईल जास्त रोखेल, हे १ आणि २ हे आकडे सांगत नाहीत. शिवाय या पट्ट्याला वरूनही मर्यादा आहे, कारण पकड अति झाली की क्लच झटक्यानं लागतो. दगडांच्या चढावर बोटाच्या टोकानं क्लच खेळवणाऱ्याला तो झटका नको असतो. मॅन्युअल एमए म्हणत असेल तर एमए, एमए१, एमए२ तिन्ही चालतात. एमए२ मागत असेल तरच एमए२. आणखी एक गोष्ट: ही खूण कुणी तिसरा तपासून देत नाही. कंपनी स्वतः चाचणी करते, मग नोंद करून सांकेतिक क्रमांक घेते. त्या क्रमांकाची चौकट नसलेला आणि जाहिरातीच्या मजकुरात नुसतं ‘एमए२ योग्य’ लिहिलेला डबा मी तरी घेत नाही.

याच मानकात दाटपणा टिकण्याचीही अट आहे, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मल्टिग्रेड, म्हणजे १०डब्ल्यू-४० सारख्या, ऑईलातले लांब साखळीचे पॉलिमर गिअरच्या दातांत अक्षरशः चिरडले जातात आणि ४० चं ऑईल हळूहळू ३० कडे सरकतं. कारमध्ये गिअरबॉक्सचं ऑईल वेगळं असल्यामुळे ही झळ इतकी बसत नाही. होंडाच्या २००२ च्या सीआरएफ ४५० आर मध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स-क्लच यांचं ऑईल वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलं, ते हा दुहेरी मारा टाळायला. क्लचची भुकटी कॅमपर्यंत जात नाही आणि इंजिनातलं पेट्रोल क्लचपर्यंत येत नाही. फक्त प्रत्येक कप्प्यातलं ऑईल आणखी कमी झालं.

‘सिंथेटिक’ शब्दाचाही असाच गुंता झाला. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या जाहिरातींचे तंटे सोडवणाऱ्या एका मंडळानं खनिज तेलापासून कडक प्रक्रियेनं बनवलेल्या तेलालाही हा शब्द वापरू दिला. जर्मनीत ‘पूर्ण सिंथेटिक’ म्हणायचे निकष अधिक कडक राहिले. त्यामुळे एकच शब्द असलेल्या दोन डब्यांत वेगळ्या जातीचं तेल असू शकतं. डिझेलच्या ऑईलची लोकप्रियता मात्र समजण्यासारखी आहे. २००६ च्या ‘सीजे-४’ वर्गातही फॉस्फरसला ०.१२ टक्क्यांपर्यंत वाव होता, त्या सुमाराच्या कार ऑईलांत मर्यादा ०.०८ होती, आणि काही डिझेल ऑईलांवर एमएची खूणही आहे. खूण नसलेलं डिझेल ऑईल वापरणं हा निव्वळ अंदाज.

राहिला बदलण्याचा प्रश्न. ऑफ-रोडमध्ये किलोमीटर मोजून उपयोग नाही, म्हणून फोर-स्ट्रोक आल्यावर इंजिनाचे तास मोजणारे मीटर लागले. सीआरएफ ४५० आर च्या मॅन्युअलनं सहा शर्यती किंवा सुमारे १५ तास असं प्रमाण दिलं. लोक त्याला घाबरटपणा म्हणतात, पण लिटरभर ऑईल, त्यात उतरणारं पेट्रोल, क्लचचा राखाडी गाळ आणि चिरडलेले पॉलिमर हे सगळं धरलं तर ते वाजवीच आहे. महागडं ऑईल ३० तास ओढण्यापेक्षा साधं एमए ऑईल १५ तासांना बदललेलं मला केव्हाही पटतं.

इंजिन कोमट असताना, गाडी सरळ उभी करून, आजूबाजूचा चिखल आधी धुऊन ड्रेन बोल्ट उघडावा. बोल्टाच्या चुंबकावर मऊ, काळसर लव चिकटलेली दिसेल. ती बोटांत चोळून बघायची. पिठासारखी लागली तर नेहमीची झीज, टोचणारा कण लागला तर गिअर किंवा बेअरिंग उघडून बघायची वेळ आली. ऑईल दुधी झालं असेल तर पाणी शिरलंय, ओढे ओलांडणाऱ्यांना हा रंग ओळखीचा असतो. वॉशर नवा घालावा. ज्या गाड्यांत ऑईल फ्रेममध्ये किंवा वेगळ्या टाकीत साठतं, तिथे दोन ड्रेन बोल्ट असतात आणि एकच उघडला तर बरंचसं जुनं ऑईल आतच राहतं. अशा गाडीत पातळी थंड इंजिनावर बघायची नाही. रात्रभरात ऑईल टाकीतून क्रँककेसमध्ये झिरपतं, पट्टी कोरडी दिसते, आणि वरून ओतलेलं जास्तीचं ऑईल पुढच्या राइडला एअर फिल्टरच्या डब्यात येऊन बसतं. आधी इंजिन काही मिनिटं चालू ठेवायचं, मग बंद करून, मॅन्युअलात सांगितलं असेल तेवढंच थांबून पट्टी बघायची.