कपाटातल्या फितींपासून एरियान ५ पर्यंत

केंब्रिज विद्यापीठात मे १९४९ मध्ये एडसॅक हा संगणक चालू झाला. त्याच्या जोडीला लवकरच एक पोलादी कपाट आलं. त्यात कागदी फिती होत्या, छिद्रं पाडलेल्या. एक फीत वर्गमूळ काढायची, एक साइन-कोसाइनची, एक उत्तर छापायची. नवा प्रोग्राम तयार करताना यातली हवी ती फीत यंत्राला लावायची आणि तिची नक्कल आपल्या फितीवर उतरवून घ्यायची. १९५१ पर्यंत अशी ८७ सबरूटीन, म्हणजे एकेक ठरावीक काम करणारे प्रोग्रामचे तयार तुकडे, जमली होती.

हा खटाटोप आळसापोटी नव्हता. स्वतःच्याच प्रोग्राममधल्या चुका शोधण्यात उरलेलं बरंचसं आयुष्य जाणार, हे एडसॅकचे प्रमुख मॉरिस विल्क्स यांना १९४९ मध्येच उमगलं होतं. एकदा पारखून घेतलेली फीत म्हणजे तेवढ्या चुका कमी.

पण उचललेला कोड नव्या जागी नांदायला हवा, आणि खरी मेख तिथेच होती. सूचनांमध्ये स्मृतीतले पत्ते आकड्यांत लिहिलेले असत. फीत दुसऱ्या जागी भरली की ते सगळे चुकणार. त्या वेळी विद्यार्थी असलेल्या डेव्हिड व्हीलर यांनी फीत वाचणाऱ्या सुरुवातीच्या सूचनाच अशा रचल्या, की फीत आत येता येताच तिचे पत्ते नव्या जागेप्रमाणे बदलावेत. दुसरा पेच परतीचा. वर्गमूळ काढून झाल्यावर परत जायचं कुठे? व्हीलरची युक्ती अशी: बोलावणारा प्रोग्राम स्वतःचीच एक सूचना संचायकात (हिशेबाचा आकडा तात्पुरता ठेवायच्या जागेत) ठेवून सबरूटीनकडे उडी मारतो. सबरूटीन तिच्यात एक ठरावीक संख्या मिळवतं. त्यातून परतीच्या उडीची सूचना तयार होते, आणि ती सबरूटीनच्या शेवटी बसवली जाते. चालता चालता स्वतःलाच बदलणारा हा प्रोग्राम आजही वाचताना मजा येते.

अमेरिकेत संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर आणि त्यांचे सहकारी उपयोगी तुकडे वह्यांत उतरवून ठेवत. हाताने नक्कल करताना चुका होत, म्हणून १९५२ च्या सुमारास त्यांनी ते जुळवण्याचं काम यंत्रावरच सोपवलं. ‘कंपायलर’, म्हणजे तुकडे गोळा करून जुळवणारा, हे नाव त्यातूनच आलं. आज मात्र कंपायलर मुख्यतः प्रोग्रामचं यंत्राच्या भाषेत भाषांतर करतो. मराठीतला ‘संकलक’ हा प्रतिशब्द त्या मूळ कामाला आजच्यापेक्षा जास्त शोभतो.

१९६८ मध्ये जर्मनीत गार्मिश इथल्या नाटोच्या परिषदेत संगणकतज्ज्ञ डग मॅकिलरॉय यांनी यंत्रांचे सुटे भाग निवडावेत तसे सॉफ्टवेअरचे घटक यादीतून निवडता यावेत, अशी मागणी केली. तसा बाजार लगेच काही उभा राहिला नाही. मात्र १९७३ मध्ये त्यांच्याच आग्रहाने युनिक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीमध्ये ‘पाइप’ आले, एकाचं उत्तर थेट पुढच्याला मिळू लागलं आणि छोटे प्रोग्राम एकापुढे एक जोडता येऊ लागले.

पत्ते बदलले तरी कोडमध्ये गृहीत धरलेल्या गोष्टी आपोआप बदलत नाहीत. ४ जून १९९६ ला युरोपच्या एरियान ५ रॉकेटचं पहिलं उड्डाण सुमारे ४० सेकंदांत संपलं. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेतला कोड एरियान ४ वरून आणला होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग बराच जास्त. त्याच्याशी निगडित आकडा १६ बिटांच्या जागेत मावला नाही आणि यंत्रणा बंद पडली. ज्या हिशेबात हे घडलं, त्याची एरियान ५ ला उड्डाणानंतर गरजच नव्हती. राखीव यंत्रणा होती, पण तिच्यातही तोच कोड होता. ती क्षणभर आधीच बंद पडली होती.