पॉन्टून बोटीला किती एचपीचं इंजिन? बोट भरलेली असताना ठरवा

पॉन्टून बोट म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या दोन-तीन लांब पोकळ ट्यूबवर बसवलेला सपाट डेक. धक्क्याला बांधून ठेवलेल्या अशा बोटीच्या ट्यूबकडे जरा वाकून बघा. अ‍ॅल्युमिनियमवर पाण्याच्या पातळीला शेवाळाची एक हिरवट तपकिरी रेघ पडलेली असते, बोट रिकामी असताना पाणी तिथपर्यंत येतं. आता घरची दहा माणसं, बर्फाची पेटी, सामान सगळं चढू द्या आणि परत बघा. रेघ गायब, चांगली चार-पाच बोटं पाण्याखाली गेलेली असते. इंजिन किती एचपीचं घ्यायचं याचं निम्मं उत्तर त्या रेघेत आहे, आणि लोक मात्र सुरुवात करतात ती "बोट किती पळेल" इथून.

हिशोब सोपा आहे, करून बघू. ६ मीटर लांबीच्या दोन ट्यूब, प्रत्येकीचा व्यास २५ इंच म्हणजे साधारण ६३ सेंटिमीटर. दोन्ही मिळून ३.८ घनमीटर आकारमान होतं, म्हणजे पूर्ण बुडाल्या तर जवळपास ३८०० किलो वजन उचलतील (हा आपला शाळेतलाच आर्किमिडीज). बोट, सीट, इंजिन आणि इंधन धरून १००० किलो समजा, तर ट्यूबचा साधारण पाव भाग पाण्यात असतो. त्यावर दहा माणसं म्हणजे ७५० किलो आलं की बोट सुमारे १० सेंटिमीटर खाली बसते. ऐकायला काहीच वाटत नाही, पण ट्यूब गोल असल्यामुळे पाण्याला घासणारा पृष्ठभाग तेवढ्यात पाव पटीहून जास्त वाढतो. इंजिन तेच, पंखा (प्रोपेलर) तोच, आणि ओढायला वजनही जास्त, घर्षणही जास्त. म्हणून ट्रायलला विकणारा आणि तुम्ही असे दोघंच बसून गेलात आणि बोट मस्त पळाली, तर त्यातून फक्त दोन माणसांसाठीचं इंजिन कळतं, तुमच्या कुटुंबासाठीचं नाही.

आता वेग. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि तो विरोध मोडत पुढे जायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने. याचा अर्थ वेग दुप्पट करायचा तर ढोबळमानाने आठपट शक्ती हवी. उलटं बघितलं तर ५० एचपी काढून १०० एचपी लावलं तरी वेग दुप्पट होत नाही, २६ टक्क्यांच्या आसपास वाढतो, कारण २ चं घनमूळ १.२६. प्रत्यक्षात थोडं इकडेतिकडे होतं, वेगात गेल्यावर बोट जराशी वर उचलली जाते आणि फायदा मिळतो, पण गणिताचा कल हाच. हे एकदा डोक्यात बसलं की "अजून थोडं मोठं घेऊ, भन्नाट पळेल" ही भाषा आपोआप कमी होते.

विरोध फक्त घर्षणाचा नसतो, बोट स्वतःच लाटा उठवते आणि त्या लाटांना ऊर्जा द्यावी लागते इंजिननेच. विल्यम फ्रूड नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८७० च्या दशकात इंग्लंडमधल्या टॉर्की गावी एक लांब टाकी बांधून त्यात जहाजांची छोटी मॉडेल्स ओढून हे सगळं मोजलं, आजही बोटीच्या वेगाचा आणि लांबीचा संबंध त्याच्याच नावाच्या आकड्याने सांगतात. ढोबळ नियम असा, की पाण्यातल्या लांबीचं मीटरमध्ये वर्गमूळ काढा आणि साडेचारने गुणा, आलेला आकडा म्हणजे ताशी किलोमीटर, त्या वेगाला बोटीने उठवलेली लाट बोटीइतकीच लांब होते आणि बोटीला जणू स्वतःच्याच लाटेचा चढ चढावा लागतो. ६ मीटरला हा वेग येतो ताशी ११ किमी. मला पॉन्टूनची खरी गंमत इथे वाटते, तिच्या ट्यूब लांबीच्या मानाने एवढ्या सडपातळ असतात की लाट फार मोठी उठतच नाही, त्यामुळे हा चढ ती बऱ्यापैकी सहज पार करते. पण पुढे गेल्यावर सपाट बुडाच्या स्पीडबोटीसारखी पाण्यावर तरंगत घसरतही नाही, कारण गोल ट्यूबच्या बाजूंना पाणी चिकटून वर चढतं आणि ओढ कायम राहते. म्हणून काही पॉन्टूनच्या ट्यूबना खालून पट्ट्या वेल्ड केलेल्या असतात, त्या पाणी खाली ढकलतात आणि ट्यूबला वर उचलतात. मधे तिसरी ट्यूब असेल तर उचल अजून वाढते, आणि मोठ्या इंजिनचा खरा उपयोग अशाच बोटीवर होतो. साध्या दोन ट्यूबवर दीडशे एचपी टांगून त्यातली बरीचशी शक्ती फेस करण्यात जाते.

मग आकडे काय धरायचे? ६ मीटरच्या आसपासच्या दोन ट्यूबच्या बोटीला १० एचपीवर ती ताशी ८ ते १० किमीने रमतगमत जाईल, वारा नसेल तर. २५ एचपीवर १५ च्या वर. ६० एचपीला तीसच्या आसपास, ११५ ला चाळीसच्या थोडं पुढे. हे आकडे हलक्या भाराचे आहेत, भरलेल्या बोटीत कमी धरा. नुसतं फिरणं, मासे धरणं, संध्याकाळी पाण्यावर बसणं एवढंच असेल तर ४० ते ६० पुरतं. पोरांना रबरी ट्यूबवर बसवून ओढायचं असेल तर ९० च्या खाली जाऊ नये असं माझं मत, आणि स्कीवर माणूस उभा करायचा तर ११५ च्या पुढे. कारण तिथे टॉप स्पीडचा प्रश्न नसतोच, पाण्यात बसलेल्या माणसाला काही सेकंदात बाहेर खेचायला जो जोर लागतो त्याचा असतो.

वरची मर्यादा तुम्ही ठरवायची नाही, बोटीवर लावलेली कपॅसिटी प्लेट ठरवते. तिच्यावर जास्तीत जास्त एचपी लिहिलेला असतो आणि त्याच्या वर जाऊ नये, विषय संपला. मागच्या बाजूला लटकणारं वजन हेही कारण आहेच, ६० एचपीचं इंजिन ११५ किलोच्या आसपास असतं, ११५ एचपीचं १६५ ते १७० आणि १५० एचपीचं दोनशेच्या वर. पण प्लेटच्या फार खालीही जाऊ नका. लहान इंजिन घेतलं की पेट्रोल वाचतं हा समज अर्धाच खरा आहे, ते लहान इंजिन भरलेल्या बोटीत कायम फुल थ्रॉटलला, म्हणजे पूर्ण जोरात, चालवावं लागतं, आवाज, थरथर, झीज सगळं वाढतं, आणि समोरून वारा आला की हातात राखीव काहीच उरत नाही. प्लेटवरच्या कमाल आकड्याच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास घेतलं तर सहसा पस्तावा होत नाही.

वाऱ्याचं लोक विसरतातच. पॉन्टूनला रेलिंग, सीट, वर छत, बाजूने बघितलं तर १० चौरस मीटरचं शीडच ते. ताशी ४० किमीचा वारा आडवा लागला तर त्याचा जोर ७५ किलोच्या घरात जातो, आणि हे नेमकं धक्क्याला लावताना होतं, जेव्हा बोटीला वेग नसतो. तिथे नुसता एचपी कामाला येत नाही, पंखा कामाला येतो.

आणि या पंख्याबद्दल खरंतर सगळ्यात जास्त बोललं पाहिजे. इंजिन शक्ती देतं, बोट ढकलतो तो पंखा. थोडं पाणी जोरात मागे फेकण्यापेक्षा जास्त पाणी हळू मागे ढकललं तर तेवढ्याच शक्तीत जास्त ढकल मिळते, हे भौतिकशास्त्र आहे, आणि जड, हळू बोटीसाठी तर हे सोनं आहे. म्हणून त्याच एचपीच्या काही इंजिनांत हाय थ्रस्ट प्रकार मिळतो, खालचा गिअरकेस मोठा, गिअर जास्त उतरवलेला, त्यामुळे मोठ्या व्यासाचा पंखा सावकाश फिरतो. ४० ते ६० एचपीमधे पॉन्टूनसाठी निवड असेल तर डोळे झाकून हाच घ्या.

पंख्याचा व्यासानंतरचा दुसरा आकडा पिच. १३ पिच म्हणजे पंखा घट्ट पदार्थातून स्क्रूसारखा गेला असता तर एका फेऱ्यात १३ इंच पुढे सरकला असता. इंजिन ५५०० आरपीएमवर, गिअर २:१, म्हणजे पंख्याचे मिनिटाला २७५० फेरे, गुणाकार केला की ताशी ५४ किमी येतात. पण पाणी घट्ट नाही, पंखा घसरतो, पॉन्टूनवर ही घसर २० टक्के सहज असते, म्हणजे उरले ४३. पिच जास्त घेतला तर कागदावर वेग वाढतो पण इंजिनला तो पंखा फिरवता येत नाही, गाडी चौथ्या गिअरमधे चढावर घातल्यासारखं होतं, इंजिन आतल्या आत कुथतं, तापतं, कार्बन धरतं. म्हणून प्रत्येक इंजिनला फुल थ्रॉटलची आरपीएम रेंज दिलेली असते, बऱ्याचदा ५००० ते ६००० अशी, आणि भरलेल्या बोटीत काटा त्या रेंजमधे पोचलाच पाहिजे. नाही पोचला तर पिच कमी करायचा, एक इंच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात.

तुमचं तळं उंचावर असेल तर अजून एक गोष्ट, हवा विरळ झाली की साध्या इंजिनची ताकद दर ३०० मीटरला ३ टक्क्यांच्या आसपास घटते. १५०० मीटरवर ९० एचपीचं इंजिन ७५ च्या जवळपास येतं, तेव्हा तिथे एक पायरी वरचं घ्यायचं आणि पिच एखाद-दोन इंच कमी ठेवायचा.

घ्यायच्या आधी ट्रायलला घरच्या सगळ्यांना घेऊन जा, लहान मुलं, आजी, सामान सकट. मोकळ्या पाण्यात फुल थ्रॉटल द्या, वेगाकडे बघू नका, आरपीएमचा काटा कुठे थांबतो ते बघा. ४६०० ला अडकला आणि रेंज ५००० पासून सुरू होत असेल तर विकणाऱ्याला सांगा, दोन इंच कमी पिचचा पंखा लावा, तेवढीच माणसं परत चढतील, आणि मगच ठरवू.